सत्तर लिटर खारं पाणी : प्रकल्प नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

घरी समुद्री मासे ठेवायच्या टाकीचं माप ठरलं. लांबी 24 इंच, रुंदी 15, उंची 15, काच 8 मिमी. काचवाला रुंदी 12 धरून चालला होता, गोड्या पाण्याच्या टाक्या तो तशाच करतो. मी 15 वर अडून बसले. पाण्याचा उघडा पृष्ठभाग जितका मोठा तितका प्राणवायू जास्त मिसळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो: 25 अंशांना गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे 8.2 मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात 6.7.

वर इंचभर मोकळं सोडून आणि दगड-वाळूची जागा वजा करून हातात राहील सुमारे 70 लिटर पाणी. ज्याला सांगावं तो म्हणतो, "पहिलीच आहे ना, मग छोटी बरी." खर्चाला बरी. बाकी हिशेब उलटा आहे. हजार लिटरच्या टाकीतून दोन लिटर पाणी उडालं तर तिला पत्ताही लागत नाही. सत्तरातून दोन गेले की क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार) 35 वरून 36 होते. न खाल्लेलं खाणं, दुपारभर गेलेली वीज, पुण्याचा एप्रिल, या सगळ्याचा धक्का सोसायला पाणी सत्तर लिटरच. म्हणून ही वही. रोजचे आकडे इथे लिहायचे.

19 जानेवारी, रविवार

लोखंडी स्टँड आला. पाणसळ लावली तर उजवीकडे उतार. फरशीचाच असणार, बाल्कनीकडे पाणी जावं म्हणून दिलेला. स्टँडचे बोल्टचे पाय फिरवून सरळ केला. वर 18 मिमी प्लाय, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. भरल्यावर स्टँड सोडून वजन शंभर किलोंच्या वर जाईल, म्हणून खोलीच्या मध्ये नाही, तुळईच्या भिंतीला लागून. खिडकीचं ऊन तिथे पोहोचत नाही हेही बरं.

प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल ठेवला आहे. वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोलावरून खाली टपकतं. शिवाय या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. खारं पाणी वीज फार छान वाहून नेतं.

26 जानेवारी, रविवार

आजचा दिवस पाण्याचा. सोसायटीत महापालिकेचं पाणी येतं, पुरलं नाही की बोअरचं सोडतात. टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, पालिकेचं 84, बोअरचं 610. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रातून आलेलं 45. चव राहावी म्हणून ते यंत्र थोडं मूळ पाणी परत मिसळतं. आपल्याला ते नको, चव घ्यायला इथे कुणी नाही.

शून्यच का हवं? कारण टाकीतलं पाणी उडतं तेव्हा नुसतं पाणी उडतं. त्यात जे विरघळलेलं असेल ते मागेच राहतं आणि रोजच्या भरीबरोबर साठत जातं. सिलिकेट, फॉस्फेट, एखाद्या जुन्या नळातलं तांबं. तांबं तर गोगलगायी आणि खेकड्यांना अगदी थोडंही मारक. म्हणून वेगळा आरओ घेतला आणि त्याच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली. आता मीटर 0 दाखवतो.

लिटरभर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर बाहेर जातं. सासूबाईंची अट एकच: त्यातला थेंबही मोरीत जाता कामा नये. बाहेर निळा ड्रम ठेवला आहे, फरशी आणि गाडी त्यावर निघते.

2 फेब्रुवारी, रविवार

समुद्राचं पाणी बनवायचं खास मीठ आलं. सासूबाईंनी बादलीवरची किंमत वाचली आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या पेणला एवढ्यात पोती येतील मिठाची. तेही समुद्राचंच ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर मिठागरातच आहे. भरतीचं पाणी आत घेऊन कोंडीकोंडीतून पुढे नेतात तसं ते दाट होत जातं. आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम. शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरतात, आणि मॅग्नेशियम बहुतेक सगळं वर राहिलेल्या कडू पाण्यात उरतं. ते पाणी काढून टाकतात. हाती आलेलं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. ते पुन्हा पाण्यात टाकलं तर खारट पाणी होईल, समुद्र होणार नाही. समुद्राच्या लिटरमध्ये कॅल्शियम 400 ते 420 मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास असतं. शंख वाढायला, पाण्याचा पीएच 8.2 च्या जवळ टिकायला ते आणि कार्बोनेट दोन्ही लागतं.

"म्हणजे ते लोक फेकतात त्या कडू पाण्याचे तू पैसे दिलेस," सासूबाई म्हणाल्या. हो, बरंचसं तसंच.

मिसळायची रीत: 20 लिटरची बादली, आधी पाणी, मग मीठ. उलटं केलं की तळाला दाट द्रावणात कॅल्शियमचा पांढरा साका धरतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. लिटरला 36 ते 38 ग्रॅम, आत छोटा पंप, रात्रभर फिरू द्यायचं.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, पाणी प्रकाश किती वाकवतं त्यावरून ती सांगतो. यातले स्वस्त बरेचसे साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावून सोडलं तर 35 जवळ दीडेकचा फरक पडतो. त्यापेक्षा 36.5 ग्रॅम शुद्ध, बिनआयोडिनचं मीठ 963.5 ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवायचं. हे द्रावण प्रकाश बरोबर 35 क्षारतेच्या समुद्राएवढा वाकवतं. त्यावर स्क्रू फिरवून 35 लावला. बाटली जपून ठेवली आहे, दर महिन्याला लागेल.

8 फेब्रुवारी, शनिवार

मालवणहून मामाचा फोन. "दर्याचा पाणी इकत कित्याक घेतंस गो? मी कॅन भरून हाडतंय. दगड पण हाडतंय चार."

मामाचं मन मोडवत नाही, तरी दोन्हीला नाही म्हटलं. पाणी पुण्याला पोहोचेपर्यंत बंद कॅनमधले सूक्ष्मजीव मरून कुजायला लागतात, जेटीजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, आणि पावसाळ्यात खाडीचं पाणी मिसळून क्षारता खाली येते. वर्षभर तेच पाणी मिळेल याची खात्री नाही.

दगडांचा मामला याहून मोठा आहे. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथल्या दगडावर प्रवाळ असू शकतं. कठीण प्रवाळाच्या सगळ्या जाती 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, समुद्रघोडेही. मेलेला सांगाडासुद्धा चालत नाही. आणि तरी इथल्या एका दुकानात मला काउंटरखालून 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून जीवांसकट उचललेला दगड, दाखवला गेला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी कारखान्यात भाजलेला सच्छिद्र सिरॅमिकचा दगड घेतला. पांढरा फटक, अगदी बाथरूमच्या फरशीसारखा दिसतो. दिसू दे. जिवाणूंना छिद्रं हवीत, रंग नको.

9 फेब्रुवारी, रविवार

भरली. आधी दगड थेट काचेवर, मग भोवती वाळू, म्हणजे पुढे कुणी वाळू उकरली तरी दगड कलंडत नाही. अ‍ॅरागोनाइट वाळू (शंखांसारखी, चुन्याची) 8 किलो, तळाला इंचभर थर. नदीची वाळू नको, ती सिलिकाची. दगडाच्या दोन कमानी इपॉक्सीने जोडल्या, मागच्या काचेपासून चार बोटं दूर, मागूनही पाणी फिरलं पाहिजे.

बादल्या मोजून ओतल्या: 71 लिटर. क्षारता 35. तापमान 22, खोली अजून थंड आहे. 100 वॉटचा हीटर लावला, पण त्याच्या आतल्या थर्मोस्टॅटवर भरवसा न ठेवता वेगळ्या नियंत्रकातून. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बरेचदा चालू अवस्थेत चिकटतो, आणि सत्तर लिटर घातक तापायला फार वेळ लागत नाही.

पाणी दुधासारखं. वाळूची धूळ आहे.

13 फेब्रुवारी, गुरुवार

निवळलं. सायकल सुरू.

मासा मूत्र-विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर-वाळूवर वसायला आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना खायला अमोनिया पाहिजे. पूर्वी लोक त्यासाठी एखादा चिवट मासा सोडत आणि तो जगतो का पाहत. ते मला जमणार नाही. टाकीत कोळंबी कुजत ठेवण्याचीही पद्धत आहे, पण हॉलमध्ये टाकी आहे आणि सोफ्यावर पाहुणे बसतात.

अमोनियम क्लोराइड वापरलं. कल्हईवाल्याचा नवसागर हाच, पण बाजारच्या खड्यांत आणखी काय असेल सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचं. अमोनिया 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) करायला अमोनियम क्लोराइड लिटरला 6.3 मिलिग्रॅम, म्हणजे 70 लिटरला 0.44 ग्रॅम. चिमटीपेक्षा कमी. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा कामी आला. सोबत बाटलीतले जिवाणू ओतले. तापमान 28, या काळात ऊब असलेली बरी. दिवा बंद.

20 फेब्रुवारी, गुरुवार

अमोनिया 1.5. नायट्राइट पहिल्यांदाच दिसलं, चाचणीचा रंग फिकट जांभळा.

2 मार्च, रविवार

अमोनिया 0. परवा पुन्हा 2 पीपीएम टाकला होता, काल रात्री 0.25 उरला होता. नायट्राइट कागदावरच्या सगळ्यात गडद रंगाच्याही पुढे. आज नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही, नायट्राइट असताना ती चाचणी फुगलेला आकडा दाखवते.

9 मार्च, रविवार

तसंच. काही करायचं नाही हेच आजचं काम.

16 मार्च, रविवार

काल रात्री 2 पीपीएम टाकला होता. आज रात्री अमोनिया 0, नायट्राइट 0, नायट्रेट 25. हिशेबाला जुळतं: 2 पीपीएम अमोनियाचं शेवटी 7 च्या वर नायट्रेट होतं, आणि मी अधूनमधून तेवढं टाकत आले. निम्मं पाणी बदललं. हीटर 26 वर आणला. उद्यापासून दिवा, दिवसाला सात तास.

23 मार्च, रविवार

मासे आले. क्लाउनफिशची जोडी, दीड इंचाच्या आतली पिल्लं, दुकानांत सगळे निमो म्हणतात ती. अट एकच होती, हॅचरीतले पाहिजेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे कधीच बसवलं आहे, आणि ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानची शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. अंडी आठवडाभरात फुटतात, पिल्लांना सुरुवातीला रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव खाऊ घालतात. एवढं सगळं होत असताना समुद्रातल्या प्रवाळावरून मासा उचलून आणायचं कारण उरत नाही. हॅचरीतल्या माशाला गोळीची सवय आधीच असते, हा वरचा फायदा.

थेट टाकीत नाही. बेडरूममध्ये 25 लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात मोठ्या टाकीतच मुरवलेला, जिवाणू वसलेला स्पंज. मखमलीसारखी भुकटी, पांढरे ठिपके, अंगावरचा चिकट पापुद्रा, रोगाचं काही निघायचं असेल ते इथे निघू दे. औषध टबात देता येतं. मोठ्या टाकीत तांब्याचं औषध गेलं की तिथे पुन्हा गोगलगाय ठेवण्याची आशा सोडावी लागते.

पिशवीतल्या पाण्याची क्षारता 28 निघाली. दुकानदार बरेचदा कमी ठेवतात, मीठ वाचतं आणि काही परजीवी दबून राहतात. थेंबाथेंबाने 35 करत बसण्यापेक्षा टबच 28 वर ठेवला आणि पिशवी तरंगवून तापमान जुळल्यावर मासे लगेच सोडले. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून तासभर ठेवली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. टबाची क्षारता रोज थोडी थोडी वाढवायची आहे, घाई नाही.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

टबातले दोघेही खातात. श्रीखंड आमच्यासाठी, त्यांना गोळ्या.

मोठ्या टाकीत पांढऱ्या दगडावर तपकिरी साय धरली आहे, वाळूवरही. डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. नव्या वाळू-दगडातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातील. नवरा म्हणतो घासून काढ. राहू दे, निदान बाथरूमची फरशी तरी दिसत नाही.

6 एप्रिल, रविवार

चार गोगलगायी, दोन शंखातले खेकडे. यांना मात्र थेंबाथेंबाने, दीड तास. क्षारतेचा झटका यांना माशांपेक्षा वाईट लागतो. गोगलगायीने रात्रीत काचेवर नागमोडी रस्ते काढले.

सकाळी पीएच 7.9, संध्याकाळी 8.2. रात्री खोली बंद, पाच माणसांचा श्वास. खिडकी उघडी ठेवली की सकाळचा आकडा सुधारतो. रसायन काही घालत नाही.

13 एप्रिल, रविवार

दुपारी टाकी 30.5. हीटर आठवड्यापासून बंदच आहे.

चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यायचा तर टाकीपेक्षा महाग. संगणकाचे 12 व्होल्टचे दोन पंखे पाण्यावर तिरके लावले, त्याच नियंत्रकाच्या थंड बाजूला जोडून. 28 वर आलं. पुण्याची कोरडी हवा इथे कामाला येते, मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा निम्मंही काम करणार नाही. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता घेऊन जातं तेवढीत सत्तर लिटर पाणी आठ अंशांनी थंड झालं असतं. खोली सतत तापवत राहते म्हणून प्रत्यक्षात दोन-अडीच अंश हाती लागतात.

किंमत पाण्यात मोजायची. आधी दिवसाला अर्धा लिटर उडायचं, आता जवळजवळ दोन. म्हणजे दोन दिवस भर घातली नाही तर 35 ची 37. भर गोड्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या नाही, मीठ कुठे गेलेलं नाही. काचेवर पट्टीची रेघ मारली आहे, सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत. सासूबाईंनी सकाळची पाळी स्वतःकडे घेतली. तुळशीला पाणी घालून झालं की इकडे.

20 एप्रिल, रविवार

टबातलं पाणी आता 35. कातडी स्वच्छ, दोघे खातात. मोठ्या टाकीत सोडले. पाच मिनिटं पंपामागे, मग मोठीने डावी कमान ताब्यात घेतली. 'मोठीने' हे घाईचं आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात आणि जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. दोघांतला एक आत्ताच दुसऱ्याला ढुशा देतो, एवढंच.

24 एप्रिल, गुरुवार

गुरुवार. आमच्याकडे वीज दुरुस्तीचा वार. सकाळी साडेनऊला गेली, आली चारला.

याची तयारी होती. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप, आणि दोन पंख्यांतला एक राउटरच्या 12 व्होल्ट यूपीएसवर. अशा वेळी पाणी तापण्याआधी प्राणवायू संपतो. प्रवाह थांबला की पृष्ठभाग हलत नाही, आणि मासे, खेकडे, दगडावरचे जिवाणू सगळे एकाच साठ्यातून श्वास घेतात. यूपीएस एकच्या सुमाराला बसला. सासूबाईंनी पंखा बंद पडलेला पाहून गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत तरंगवली, मला फोन न करताच. चार वाजता 29.6. अमोनिया 0. गुरुवारी सकाळी माशांना खायला घालायचं नाही, पचवायलाही प्राणवायू लागतो.

11 मे, रविवार

भर घालणारं स्वयंचलित यंत्र बसलं. पाण्याच्या रेघेवर प्रकाशाचा सेन्सर, खाली 10 लिटरचा कॅन, छोटा पंप. कॅन मुद्दाम मोठा घेतला नाही. सेन्सर अडकून पंप चालूच राहिला तरी दहा लिटरपेक्षा जास्त गोडं पाणी आत जाऊ शकत नाही. त्यातही वरच्या इंचभर जागेत पाचएक लिटर मावतात, बाकी फरशीवर. वाईट, पण माशांना सोसण्याजोगं.

सासूबाईंना हे पसंत नाही. त्या अजूनही रेघ बघून जातात.

28 मे, बुधवार

मोसमी पाऊस परवाच, 26 तारखेला, पुण्यात पोहोचला. मे महिन्यातच. त्याआधीपासून सरी चालू होत्या. टाकी 27, पंखे जवळजवळ बंद, हवा दमट. दिवसाला उडणारं पाणी दोन लिटरवरून पाव-अर्ध्या लिटरवर आलं. सवयीने हाताने घातली असती तीच भर आता क्षारता खाली नेणारी ठरली असती. यंत्राचे पैसे या आठवड्यात वसूल.

डायटम गेले. आता मागच्या काचेवर हिरवं, ते गोगलगायींचं.

8 जून, रविवार

नायट्रेट 10, अमोनिया आणि नायट्राइट 0, क्षारता 35, कॅल्शियम 410. दर रविवारी 8 लिटर पाणी बदलणं पुरतंय.

दुकानदार अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, ज्यात क्लाउनफिश राहतात) घ्या म्हणतो, निमोला त्याच्याशिवाय करमत नाही म्हणे. हॅचरीतल्या या पिल्लांनी अ‍ॅनिमोन कधी पाहिलेला नाही, त्यांना कमान पुरते. अ‍ॅनिमोनला प्रखर दिवा आणि मुरलेली टाकी लागते, आणि तो जागा बदलत फिरताना पंपात अडकून मेला तर सत्तर लिटर पाणी एका रात्रीत नासतं. नाही घेणार. तिसरा मासाही नाही.

करायचं: यूपीएसची बॅटरी मोठी घेणे. रेझिनची नळी बदलणे, मीटर 1 दाखवायला लागला आहे. पंप काढून व्हिनेगरमध्ये टाकणे, चुना धरला आहे. गणपतीला मामा येणार आहे, त्याला आधीच सांगून ठेवणे की रिकाम्या हाताने ये.